यांत्रिक कारकून आणि तपासनिसाची सही

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आमच्यासारख्या एका शाळामास्तरास चार शब्द बोलण्यासाठी आपण पाचारण केलेत, याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. अशा प्रसंगी गतवर्षांचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे स्मरण करावे आणि पुढच्या पिढीला दोन हिताच्या गोष्टी सांगाव्यात, असा रिवाज आहे. आढावा कार्यवाहांनी घेतला, स्मरण अध्यक्षांनी केले. तेव्हा आमच्या वाट्याला हिताच्या गोष्टी तेवढ्या उरल्या आहेत. त्यांतली एकच आम्ही आज निवडली आहे. विषय नवा आहे. परंतु आपल्या शिष्यवृत्तीच्या कामाशी त्याचा संबंध ह्याच वर्षी येऊ घातला आहे, म्हणून तो इथेच मांडावा असे आम्हांस वाटले.

विषय हा की, यंत्राने करून दिलेले काम तपासावे कसे, आणि तपासल्याची सही कोणी करावी?

प्रथम हे यंत्र म्हणजे काय, ते पाहू. २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आले आणि संगणकाशी साध्या भाषेत बोलता येते, हे घरोघरी कळले. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता त्याच्याकडून निबंधही लिहून घेतात. ते आम्हांला वर्गात पहिल्या दोन वाक्यांतच कळते, हा भाग वेगळा! त्यानंतर ह्या यंत्राची पुढची पायरी आली. तिला 'एजंट' म्हणतात. एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचा एजंट किंवा आरटीओ कचेरीबाहेरचा एजंट उभा राहतो. कल्पना तीच आहे. आपण काम सांगायचे, आणि मधल्या दहा पायऱ्या त्याने आपल्या आपण चढायच्या. पूर्वीचे यंत्र प्रश्नाला उत्तर देई. हे यंत्र कागद उघडते, वाचते, लिहिते, चुकले तर पुन्हा लिहिते आणि शेवटी 'काम पूर्ण झाले' असा अहवाल आणून देते. आपल्या मराठीत ह्याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे कारकून. हा शब्द फारसीतून आला. 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. कारकून म्हणजे काम करणारा. तेव्हा आम्ही आज ह्या यंत्राला यांत्रिक कारकून म्हणणार आहोत.

हा कारकून सर्वांत आधी कुठे रुजू झाला? तर ज्यांनी त्याला जन्म दिला, त्या संगणकाच्याच धंद्यात. आमच्या शाळेतून शिकून गेलेली कित्येक मुले आज पुणे-बंगळूरास ह्या धंद्यात आहेत. त्यांपैकी एकजण मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, पूर्वी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. आता यंत्र लिहितं आणि आम्ही तपासतो. तुमच्यासारखंच काम झालं आमचं." हे ऐकून आम्हांला हसू आले आणि थोडी काळजीही वाटली. कारण तपासण्याचे काम किती कठीण असते, हे वह्यांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या माणसालाच ठाऊक.

त्या धंद्यात तपासणीची जी पद्धत आहे ती मात्र शिकण्यासारखी आहे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा लेखी मसुदा. शेकडो माणसे मिळून तो लिहितात. १९७६ साली आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन ह्यांनी असा मसुदा तपासण्याची शिस्तबद्ध रीत प्रसिद्ध केली. चार माणसांनी बसायचे, एकाने मसुदा वाचून दाखवायचा, इतरांनी दोष टिपायचे आणि सर्वांवर एक नियामक असायचा. हा नियामक शक्यतो दुसऱ्याच कामावरचा असावा म्हणजे त्याला भीडमुर्वत राहत नाही, असेही त्यांनी सांगितले. बोर्डाच्या पेपरांच्या तपासणीवर जाणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडेही परीक्षकावर नियामक असतोच.

पुढे ही बैठक संगणकाच्या पडद्यावर आली. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' नावाचे साधन रचले आणि २००८ मध्ये त्याच्या आधारावर 'गिटहब' सुरू झाले. ह्या साधनाचे काम थोडक्यात असे. एखाद्याने मसुद्यात बदल केला की तो थेट मुख्य मसुद्यात जात नाही. तो बाजूला राहतो आणि 'हा बदल सामील करून घ्यावा' अशी विनंती दाखल होते. तपासणाऱ्यापुढे पडद्यावर नेमके काय बदलले ते उघडते. काढलेली ओळ तांबडी, घातलेली ओळ हिरवी. प्रत्येक ओळीशेजारी शेरा लिहिता येतो. 'मान्य' म्हणता येते किंवा 'दुरुस्त करून आणा' म्हणता येते. कोणी, केव्हा, कोणाच्या मान्यतेने कोणती ओळ घातली, ह्याची नोंद कायम राहते. स्वतःच्या बदलाला स्वतःच मान्यता देता येत नाही. एखाद्या कुलकर्ण्याच्या दप्तरालाही हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे.

आता याच चौकटीत यांत्रिक कारकून आणून बसवला गेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात गिटहबने आपला कारकून कामाला लावला, तेव्हा त्याच्यावर काही बंधने घातली. कारकुनाने आपल्या वेगळ्या शाखेतच लिहावे. त्याच्या लिखाणावर पुढची स्वयंचलित यंत्रणा माणसाने हो म्हटल्याखेरीज चालू नये. आणि ज्याने त्याला काम सांगितले, त्यानेच अंतिम मान्यता देऊ नये. दुसऱ्या कोणी तरी द्यावी. हा तिसरा नियम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

कोणी विचारील, इतकी चांगली व्यवस्था असताना मास्तरांना काळजी कसली? काळजी अशी की, व्यवस्था चांगली असूनही नजर चुकते. एक उदाहरण देतो. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारा 'ओपनएसएसएल' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. २०११ सालच्या अगदी अखेरीस त्यात एक बदल सामील झाला. बदल साधा होता. पलीकडचा संगणक जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याला एखादा शब्द पाठवायचा, आणि त्याने तोच परत पाठवायचा. शब्दाबरोबर त्याची लांबीही सांगायची. पण सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पडताळणारी ओळ राहून गेली. मग चार अक्षरे पाठवून 'ही साठ हजार आहेत' असे कोणी सांगितले, तर पलीकडचा संगणक बिचारा आपल्या पोटातली बाकीची अक्षरे काढून ती संख्या पुरी करी, आणि त्यांत कोणाचा गुप्त शब्द असे, कोणाची गुप्त किल्ली. लिहिणारा जाणकार होता, तपासणाराही जाणकार होता. तरी ती न लिहिलेली ओळ दोघांच्याही नजरेतून सुटली आणि एप्रिल २०१४ पर्यंत जगातील असंख्य संगणकांत तशीच राहिली. ह्या दोषाला 'हार्टब्लीड' असे नाव पडले. लिहिलेली चूक दिसते, पण न लिहिलेली दिसत नाही, हे आम्ही वह्या तपासताना रोज अनुभवतो.

ही माणसाने लिहिलेल्या आणि माणसाने तपासलेल्या कामाची गोष्ट झाली. यांत्रिक कारकुनाच्या कामात तीन अडचणींची आणखी भर पडते.

पहिली अडचण सुवाच्य अक्षराची. विद्यार्थी जिथे अडतो तिथे खाडाखोड करतो, अक्षर बिघडते, वाक्य अर्धवट राहते. अनुभवी शिक्षकाची नजर तिथेच थबकते. यंत्राची गोष्ट निराळी. त्याचे बरोबर उत्तर आणि त्याचे चूक उत्तर एकाच वळणदार अक्षरात, एकाच आत्मविश्वासाने येते. खाडाखोडीची खूण नाही, शाईचा डाग नाही. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची तपासण्याची कला खुणांवर चालते, आणि इथे खुणाच पुसल्या गेल्या आहेत. ह्या कारकुनास आणखी एक खोड आहे. नसलेली गोष्ट तो असल्यासारखी सांगतो. अमेरिकेतील काही संशोधकांनी १६ प्रकारच्या यंत्रांकडून ५ लाख ७६ हजार प्रोग्रॅमचे नमुने लिहवून घेतले. त्यांत यंत्रांनी ज्या तयार साधनांची नावे दिली, त्यांपैकी व्यापारी यंत्रांच्या बाबतीत सरासरी ५.२ टक्के आणि खुल्या यंत्रांच्या बाबतीत २१.७ टक्के नावे अस्तित्वातच नव्हती. अशा एखाद्या काल्पनिक नावाने कोणी दुष्टाने खरोखरच घातक साधन प्रसिद्ध केले तर काय होईल, ह्याची कल्पना आपण करू शकता.

दुसरी अडचण ढिगाची. कारकून रात्रंदिवस लिहितो, थकत नाही. तपासणारा मात्र माणूस आहे. १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. युद्धकाळात रडारवर पहारा देणारे लोक खुणा का चुकवतात, ह्याचा त्यांना शोध घ्यायचा होता. एका तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने फिरत राही, आणि क्वचित तो दुहेरी उडी मारी. ती तेवढी टिपायची. पहिला अर्धा तास होताच लोकांचे टिपण्याचे प्रमाण घसरू लागले. माणसे आळशी नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर सतत नजर ठेवणे हे मनाच्या स्वभावातच बसत नाही. सिस्को कंपनीतील तपासण्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातूनही हेच निघाले. एका बैठकीत २०० ते ४०० ओळींहून अधिक मजकूर घेतला की दोष सापडण्याचे प्रमाण खाली येते. तेव्हा शंभर बरोबर कागदांमागून येणारा एकशे एकावा चुकीचा कागद पकडायचा असेल तर केवळ 'काळजीपूर्वक पाहा' असा उपदेश पुरत नाही. कामाची रचनाच तशी हवी.

तिसरी अडचण परीक्षेची. कामाची कसोटी लावणारे छोटे प्रोग्रॅम आधीच लिहून ठेवलेले असतात; त्यांना चाचण्या म्हणतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर काम ठीक, असा संकेत आहे. काही वेळा यंत्र काय करते, तर काम दुरुस्त करण्याऐवजी चाचणीच सैल करते किंवा त्या चाचणीपुरते उत्तर जुळवून ठेवते. अशी उदाहरणे यंत्रे घडवणाऱ्या कंपन्यांनीच आपल्या अहवालांत नोंदवली आहेत. आम्हांला ह्यात नवल वाटले नाही. गाइडमधले उत्तर पाठ करून गणिताची रीत न समजता गुण मिळवणारा विद्यार्थी आणि हा कारकून एकाच शाळेचे दिसतात! परंतु धडा असा की, कारकुनाने 'चाचण्या उत्तीर्ण' असे लिहून आणले तर चाचण्या कोणी लिहिल्या आणि त्यांना हात लागला का, हे आधी पाहावे.

ह्यावर कोणी म्हणेल की, आम्ही जाणकार आहोत, यंत्राने आमचे किती काम वाचवले आणि कुठे बिघडवले हे आम्हांस कळते. तर तेही खात्रीचे नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या परिचयाच्या मसुद्यांतील २४६ कामे दिली गेली. काही यंत्राच्या मदतीने करायची, काही मदतीवाचून. वेळ २४ टक्क्यांनी वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावर ते म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळाने मात्र सांगितले की, यंत्र घेतल्यावर १९ टक्के वेळ जास्त लागला. ती त्या वर्षारंभीची यंत्रे होती, पुढची अधिक चांगली निघतील. त्याविषयी आमचा वाद नाही. मुद्दा एवढाच की, यंत्राच्या कामाविषयी आपल्याला काय वाटते, ह्यावर विसंबू नये, मोजून पाहावे.

मग सही कोणी करावी? ह्या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिले आहे. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी जुन्या निवाड्यांचे दाखले दिले. ते दाखले यंत्राने रचलेले होते. तसे निवाडे कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. परंतु त्यांनी यंत्र वापरण्यास दोष दिला नाही. विश्वासार्ह साधनाची मदत घेणे गैर नाही, पण न्यायालयापुढे येणारा कागद खरा आहे हे पाहण्याची राखण वकिलाची आहे, असा त्या निवाड्याचा आशय आहे. आम्हांला हा न्याय फार समतोल वाटतो. यंत्राने लिहिले म्हणून कागद खोटा ठरत नाही. आणि यंत्राने लिहिले ही सबब सही करणाऱ्याला वाचवीत नाही.

श्रोतेहो, हा विचार विलायतेहून आणण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या मराठी राज्यकारभारात तो मुरलेला होता. पेशवाईत जिल्ह्याचा कारभार मामलेदार पाही. त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे आठ दरखदार असत. मामलेदाराच्या हुकुमांवर दिवाणाची जोडसही लागे. हिशेबाचे कागद फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदार पाही. आणि मुख्य गोष्ट ही की, ह्या दरखदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. शिवाय मामलेदाराचे हिशेब देशमुख-देशपांड्यांच्या स्वतंत्र कागदांशी ताडून पाहत. ह्या हुद्द्यांची नावेही मोठी बोलकी आहेत. आमच्या घरी उर्दू-फारसीचा थोडा वारसा असल्याने ती लहानपणापासून कानांवर आहेत. 'मुजुमदार' म्हणजे मजमूदार, एकूण बेरीज ज्याच्या ताब्यात तो. 'फडणीस' म्हणजे फर्दनवीस, फर्दीवर नोंद लिहिणारा. फारसी शब्द मराठी कारभारात असे मिसळले की आज ती अस्सल मराठी आडनावे झाली आहेत. त्या शब्दांबरोबर जो विचार आला आणि रुजला, तो असा की, करणारा वेगळा, पाहणारा वेगळा, आणि पाहणाऱ्याची भाकरी करणाऱ्याच्या हाती नसावी. गिटहबचा तो तिसरा नियम म्हणजे दरखदारीच आहे, दुसरे काय!

ह्या ठिकाणी एक चलाख सूचना नेहमी पुढे येते. तपासणारा माणूस थकतो ना? मग एका यंत्राचे काम दुसऱ्या यंत्राकडून तपासून घ्या. ही सूचना सर्वस्वी टाकाऊ नाही. पहिली चाळण म्हणून दुसरे यंत्र उपयोगी पडते. ठळक खडे ते वेचून काढते. परंतु त्यावरच भिस्त ठेवता येणार नाही. १९८६ साली जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन ह्यांनी एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम २७ जणांकडून स्वतंत्रपणे लिहून घेतले आणि प्रत्येकाला दहा लाख प्रश्न घातले. वेगवेगळ्या माणसांच्या चुका वेगवेगळ्या ठिकाणी पडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात, केवळ योगायोगाने पडाव्यात त्याहून कितीतरी अधिक वेळा अनेकांच्या चुका एकाच ठिकाणी पडल्या. कारण अवघड जागा सर्वांनाच अवघड होती. माणसांचे असे, तर जवळपास सारख्याच ग्रंथभांडारावर पोसलेल्या यंत्रांचे काय सांगावे? एकच गाइड वापरणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे पेपर तपासले तर गाइडातली चूक कोणाच्याच ध्यानात येत नाही.

आता आम्ही घरच्या गोष्टीवर येतो. आपली शिष्यवृत्ती समिती दरवर्षी अर्ज मागवते. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला, मार्क्स कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड लागते. अर्ज वाढत चालले, वाचणारे तेवढेच राहिले. म्हणून यंदा अर्जांची पहिली छाननी यांत्रिक कारकुनाकडून करून घ्यावी असा विचार समितीत निघाला आणि काही जुने अर्ज नमुन्यादाखल त्याला देण्यात आले. मुलांची नावे झाकून व पालकांना विचारून हे केले, हे सांगणे अगत्याचे आहे. कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी ते आपले कर्तव्यच होते. झाकताना पहिले नाव तेवढे झाकले होते. आडनाव व वडिलांचे नाव कागद जुळवण्यासाठी उघडे होते.

कारकुनाने काम झटपट केले, ह्यात शंका नाही. बेरजा बिनचूक होत्या, यादी देखणी होती. पण एका अर्जापुढे त्याने शेरा लिहिला होता: 'अपात्र. उत्पन्नाचा दाखला अर्जदाराच्या कुटुंबाचा नाही.' अर्ज उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. मुलीचा शाळेचा दाखला मराठीत, उत्पन्नाचा दाखला कन्नडात आणि मार्क्स कार्ड इंग्रजीत होते. तीन लिप्यांतून जाताना वडिलांच्या नावाची आणि आडनावाची तीन रूपे झाली होती. कांबळ्यांचे कधी 'कांबळे' होते, कधी 'कांबले'. शेखांचे कधी 'शेक' होते, कधी 'शैख'. बेळगावात राहणाऱ्या कोणालाही ह्यात काही विशेष वाटणार नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी ही कथा आहे. यंत्राला मात्र ती दोन कुटुंबे वाटली. त्याने नियमाप्रमाणे, नम्र भाषेत, एका विधवेच्या मुलीचे शिक्षण खोडून टाकले होते.

ही चूक निवडलेल्यांच्या यादीत कधीच दिसली नसती, हे ध्यानात घ्यावे. समिती निवडलेली नावे वाचते, शाबासकी देते आणि सही करते. जी नावे यादीत नाहीत, त्यांचा आवाज समितीपर्यंत येत नाही. हार्टब्लीडमध्ये जशी न लिहिलेली ओळ कोणाला दिसली नाही, तशीच इथे न लिहिलेली मुलगी कोणाला दिसली नसती.

म्हणून आम्ही विश्वस्तांपुढे पाच सूचना ठेवतो. यंत्र नको असे आम्ही म्हणत नाही. ज्या समितीचे सभासद दिवसभर दुकान, नोकरी सांभाळून रात्री अर्ज वाचतात, त्यांना मदतनीस मिळत असेल तर तो घ्यावा. परंतु दरखदारीशिवाय घेऊ नये.

पहिली सूचना: कारकुनाच्या प्रत्येक निष्कर्षाशेजारी ज्या कागदावरून तो काढला तो मूळ कागद दिसला पाहिजे. तांबडी-हिरवी ओळ जशी शेजारी-शेजारी दिसते, तसे. 'उत्पन्न मर्यादेबाहेर' असे म्हटले, तर दाखल्यावरचा तो आकडा डोळ्यांसमोर हवा. केवळ गोषवाऱ्यावर कोणीही मान्यता देऊ नये.

दुसरी: कारकुनाने नाकारलेला प्रत्येक अर्ज माणसाने सुरुवातीपासून वाचावा, आणि तो वाचून होईपर्यंत कारकुनाचा शेरा झाकून ठेवावा. आधी शेरा वाचला की आपली नजर शेऱ्याचीच बाजू शोधते. परीक्षकाने आधीचे गुण न पाहता पेपर तपासावा, हा आमच्या व्यवसायातला जुना दंडक आहे.

तिसरी: एका बैठकीत थोडे अर्ज घ्यावेत, आणि तासाभराने उठावे. एकाच रात्री सारा गठ्ठा संपवण्याची आपली हौस आवरावी.

चौथी: दरवर्षी गठ्ठ्यात आधीच निकाल लागलेले काही जुने अर्ज गुपचूप मिसळावेत. त्यांत काही चुकलेलेही असावेत. कारकून आणि तपासनीस दोघेही जागे आहेत की नाहीत, हे त्यावरून मोजता येईल. ह्यात कोणाचा अपमान नाही; सोनाराचा काटाही अधूनमधून ताडून पाहावा लागतो.

पाचवी: ज्या सभासदाने कारकुनाकडून काम करून घेतले, त्याची सही तपासनीस म्हणून चालणार नाही. तपासनीस दुसरा असावा, त्याचे नाव लिहिलेले असावे, आणि अपात्र ठरलेल्या मुलाच्या पालकाने विचारले तर कारण सांगण्यास तोच समोर बसावा. यंत्र पालकासमोर बसत नाही, त्याला लाज वाटत नाही, आणि पुढल्या वर्षी बाजारात ती आई भेटली तर मान वळवावी लागेल ही भीती त्याला नसते. सहीला जी किंमत आहे ती ह्या लाजेची आणि ह्या भीतीची आहे.

ह्या सूचनांनी काम थोडे लांबेल, हे आम्ही जाणतो. यंत्राने वाचवलेला काही वेळ तपासणीत परत खर्ची पडेल. पण आपला ट्रस्ट वेळ वाचवण्यासाठी स्थापन झालेला नाही. आपल्या ट्रस्टची तिजोरी दोन विश्वस्तांच्या सह्यांवाचून आजवर उघडली नाही आणि हिशेब बाहेरच्या तपासनिसाने पाहिल्याखेरीज सभेपुढे आला नाही. पैशाला जी काळजी आपण पन्नास वर्षे घेतली, तीच मुलांच्या अर्जांना घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आमच्या तरुण मित्रांनाही जाता जाता एक शब्द. ज्यांना वाटते की यंत्र लिहू लागले, आता शिकून काय उपयोग, त्यांना आम्ही सांगू की, ज्याला स्वतः गणित सोडवता येत नाही त्याला दुसऱ्याचे गणित तपासता येत नाही. उद्याच्या जगात लिहिणारे हात पुष्कळ असतील. खरेखोटे पारखून आपले नाव खाली लिहिण्यास धजणारे डोळे थोडे असतील. त्या डोळ्यांना मागणी राहील. तेव्हा अभ्यास सोडू नका, उलट अधिक खोल करा.

विश्वस्त मंडळींनी आमच्या सूचनांचा विचार करावा; त्यांत न्यून असेल ते जाणत्यांनी दुरुस्त करावे. पुढल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टच्या दारातून एकही लायक मूल कागदाच्या चुकीने परत जाऊ नये, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.